अण्णांचं वजन

१४ सप्टेंबर

भिंगरे,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. अजून तरी.

मी उगाच पत्र लिहिणाऱ्यांतली नाही, तूही नाहीस. वर्षातून एकदा ‘आम्ही बरे, तुम्ही बरे’ एवढ्यावर आपल्या दोघींचं चाललं होतं, आणि पुढेही तसंच चाललं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण अण्णांना खाली पाठवावं लागणार आहे. तुझ्याकडे. दुसरं आहे कोण आपल्याला?

डॉक्टरीणबाईंनी परवा त्यांची छाती तपासली आणि मग मला बाहेर बोलावलं. माथ्यावरची हवा मुळात पातळ, ती आता त्यांना पुरत नाही म्हणाल्या. “हा हिवाळा वर काढला तर पुढचा उन्हाळा दिसायचा नाही त्यांना,” असं तोंडावर सांगितलं. खाली उतरले तर अजून चांगली काही वर्षं जगतील. आणि दोरावर बर्फ धरलं की रोपवे बंद. म्हणजे फार तर नोव्हेंबर लागेपर्यंत वेळ आहे.

तू मागे लिहिलं होतंस की मुलं विचारतात, आजोबा एकदाही खाली का येत नाहीत. तर हे पुढचं त्यांना वाचून दाखव.

मुलांनो, तुमची मावशी वर रोपवेच्या ठाण्यात माणसं तोलते. हसू नका, तेच माझं काम आहे. इथे माथ्यावर माणूस जे शिकतो त्याला वजन असतं. खरंखुरं, काट्यावर दिसणारं. मंत्र शिका, यंत्रं शिका, ताऱ्यांची गणितं शिका, अंगावर तोळाभर मांस चढत नाही पण वजन वाढत जातं. त्यामुळे इथे येताना पोरं हलकीफुलकी येतात आणि म्हातारी होईपर्यंत दोराला पेलवेनाशी होतात. तुमचे आजोबा बारीक आहेत, वाऱ्याने उडतील असे, पण ते बसले की खुर्ची कुरकुरते. ज्याला उतरायचंय त्याने आपलं शिकलेलं आधी वर ठेवून जायचं. माझ्या तोलघरात एक मंतरलेला कर्णा आहे. वजनकाट्यावर उभं राहून त्या कर्ण्यात जे सांगाल ते तुमच्या डोक्यातून जातं आणि कर्ण्यामागच्या नळकांड्यात उतरतं. ते परत मिळत नाही. काट्याची सुई तांबड्या रेघेखाली आली की मी फाटक उघडते. तुमची आई विशीत अशीच सगळं ओतून, हसत हसत गेली. आणि एकदा उतरलेल्याला इथली सभा पुन्हा वर घेत नाही, म्हणून ती आजोबांना भेटायला येऊ शकत नाही.

झालं. आता त्यांना खेळायला पाठव.

अण्णा यायला तयार आहेत हे ऐकून तुला झीट येईल. तू गेलीस त्या दिवशी खोलीतून बाहेर न आलेला माणूस! मी विषय काढला तर नखं बघत म्हणाले, “धाकटी ठेवून घेईल मला?” मी म्हटलं, विचारते.

तर विचारतेय. हो की नाही एवढंच कळव. उपदेश नको, अंगात त्राण नाही.

ताई


२८ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं ‘हो’ पोचलं. मागची खोली रिकामी करतेयस, तुझा नवरा पलंगाला कठडा बसवतोय, वाचून बरं वाटलं. सुतार नवरा केल्याचा असा फायदा होतो.

पण तिसऱ्याच ओळीत ‘तुला कंटाळा आला का गं त्यांचा?’ असं विचारलंस ना, त्याने माझी सकाळ नासली. हो, आला कंटाळा! लांबून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? सकाळी त्यांची छाती शेकायची, मग ठाण्यावर जायचं, दिवसभर विद्वानांची वजनं करायची, परत येऊन त्यांच्याशी जेवणावरून वाद घालायचा. मी हल्ली उठते तीच दमलेली उठते. आणि मी तुझ्या लग्नाला आले नाही ते अजून मनात धरून बसली आहेस, ते ओळींच्या मधे वाचता येतं मला. उतरले असते तर परत चढता आलं असतं का मला? मग यांच्याजवळ कोण राहणार होतं, सभेचे चिटणीस?

असो. भांडण पुरे. उतरवणं सुरू झालंय.

पहिल्या दिवशी बघायला अर्धा माथा लोटला होता. मंत्रशाळेचे, यंत्रशाळेचे, ग्रंथालयवाले, सगळे. अण्णांनी आधी उन्हाच्या बरण्या उतरवल्या. आठवतं ना, दुपारचं ऊन काचेच्या बरणीत भरून झाकण लावायचे आणि ती बरणी वर्षभर उजेड द्यायची? इथल्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक जिन्यावर त्यांची बरणी आहे. तो मंत्र, काचेची जाडी, झाकणाची फिरकी, सगळं त्यांनी कर्ण्यात सांगितलं. मी कानात मेण घालून बसले होते. तोलणारीने मेण घालायचंच असतं, नाहीतर ऐकलेलं आपल्याला चिकटतं आणि आपलंच वजन वाढतं. मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि सुई खाली येताना. यंत्रशाळेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, फुकटात घबाड मिळालं.

घरी आल्यावर अण्णा स्वयंपाकघरात उभे राहिले आणि कोनाड्यातल्या बरणीकडे बघत बसले. म्हणाले, “कोणी केली गं ही? माणूस हुशार दिसतो.”

मी म्हटलं, “होता एक.” आणि भांडी घासायला घेतली.

ते दुःखी वगैरे नाहीत, काळजी करू नकोस. उलट जिने चढताना हलकं वाटतं म्हणतात. दुःख करायचं काम माझ्याकडे आहे.

ताई


११ ऑक्टोबर

भिंगरे,

घोडं अडलंय.

बरण्या झाल्या, भिंगं झाली, ग्रहणांची गणितं झाली, येत होत्या त्या परक्या भाषा झाल्या. सुई छान उतरत होती. आणि मग तांबड्या रेघेच्या वर येऊन जी बसली आहे ती हलायचं नाव घेत नाही. यंत्रशाळा म्हणते कर्ण्याचा मंत्र बिघडला, मंत्रशाळा म्हणते काट्याची कमान बिघडली. दोघांनी आपापलं तपासलं आणि दोघांचंही ठीक निघालं. तेव्हा आता सगळ्यांचं एकमत झालंय, की अण्णा काहीतरी लपवतायत.

चिटणीसांना तर खात्रीच आहे. ते कानाला पेन लावून फिरणारे, आठवत असतील तुला. तेव्हा धाकटे लिपिक होते. त्यांनी सभा बोलावली. सगळे वयोवृद्ध पाच पायऱ्या चढून धापा टाकत आले आणि अण्णांना विचारायला लागले, की सूर्य जागच्या जागी थांबवायचा मंत्र तुमच्यापाशी आहे अशी बोलवा आहे, ते खरं का?

अण्णा म्हणाले, “सूर्य कशाला थांबवू? तसलं काही येत असतं तर तुमची भाषणं चालू असताना घड्याळ पुढे ढकललं असतं.”

सभेत एकटी मी हसले. ते कोणाला आवडलं नाही.

मग सभेने डोकं लढवलं. म्हणे थेंबे थेंबे तळे साचे, तेव्हा बारीकसारीक सगळं उतरवा. तर अण्णांनी पाढे उतरवले, शीळ घालणं उतरवलं, बुटाची नाडी बांधणं उतरवलं, दाढी करणं उतरवलं. सुई केसभर हलली. म्हणजे झालं काय, की आता त्यांची दाढी मी करते आणि नाड्याही मीच बांधते. दुष्काळात तेरावा महिना. आणि एवढे शिकलेले हे लोक! माणसाला नाडी बांधता येऊ नये म्हणून ठराव पास करतात आणि वर सही करतात.

काल मी भांडले त्यांच्याशी. खोटं कशाला सांगू, मलाही वाटतं ते लपवतायत. तुला ठाऊक आहे त्यांचा स्वभाव. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी म्हटलं, “अण्णा, काय दडवलंय ते टाका ना एकदाचं! इथेच मरायचंय का?” गालाला फेस लावलेला होता, तसेच माझ्याकडे वळले. म्हणाले, “थोरले, शपथेवर सांगतो, माझ्याकडे आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.” मी वस्तरा खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

खोकला वाढलाय. सकाळी दोरावर पांढरं दिसायला लागलं आहे.

ताई


२२ ऑक्टोबर

भिंगरे,

त्यांचे लोकरीचे कपडे धुऊन वाळवून ठेवलेत. दोन स्वेटर, कानटोपी, जाड मोज्यांचे जोड. राखाडी स्वेटर टोचतो म्हणून कुरकुर करतील, तिकडे लक्ष देऊ नकोस, आत पातळ सदरा घाल. औषधाच्या बाटल्यांवर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय. सकाळचा चहा त्यांना अगदी उकळता लागतो. पोळतो आणि मग शिव्या देतात, पण लागतो तसाच.

हे सगळं मी आधी का लिहितेय, तर पुढचं लिहायचं जिवावर आलंय. दोन कागद फाडून झाले.

ते लपवत नव्हते. शपथ खरी होती.

सोमवारी अण्णा काट्यावर उभे होते. आतलं नळकांडं भरलं म्हणून चिटणीस ते बदलत होते, आणि मी नव्यांची पेटी उचलून आणत होते. कर्णा उघडाच होता. अण्णा चिटणिसांवर खेकसले. माझ्या कानात मेण, मला काही ऐकू आलं नाही. पण सुई दिसली. धप्पकन उतरली ती, केसभर वगैरे नाही. मला वाटलं कमान तुटली. मेण काढून चिटणिसांना विचारलं. तर म्हणाले, अण्णा म्हणाले की “तिला उचलायला लावू नका. उजवा खांदा कामातून गेलाय तिचा. ती बोलत नाही म्हणून कळत नाही तुम्हाला.”

मी अण्णांना म्हटलं, “माझा खांदा दुखतो हे तुम्हाला कसं कळलं?”

तर ते म्हणाले, “तुझा खांदा दुखतो? कधीपासून?”

कळलं तुला? मी. ते वजन माझं आहे. एवढी वर्षं एका घरात राहून त्यांनी मला पाठ केलंय आणि मला पत्ताच नाही. मी समजत होते की मी काय रंगाचे कपडे घातलेत हेही त्यांना सांगता यायचं नाही! इथे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, की घरच्या माणसाचं माहीत असणं हेही शिकलेलंच असतं. येणार कसं? उतरून जातात ती सगळी विशीतली पोरं. त्यांना कोण इतकं पाठ असतं? म्हातारं माणूस आजवर उतरलंच नाही.

चिटणीस म्हणाले, खात्री करून घेऊ. त्यांनी तुझ्याबद्दल एखादी छोटी गोष्ट सांगायला लावली. अण्णांनी सांगितलं की धाकटीला लहानपणी दुधावरची साय दिसली की ओकारी यायची. सुई जेमतेम थरथरली. वाईट वाटून घेऊ नकोस. तू विशीत गेलीस, पुढचं त्यांना काही माहीतच नाही. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते सांगू? की बरं झालं. हसत गेलीस ना, मग हलकीच राहणार. नंतर लाज वाटली, पण आलं मनात.

आईबद्दलही विचारलं चिटणिसांनी, जरा घुटमळतच. अण्णा म्हणाले, “ती एकदा गेलीय. अजून कुठे घालवू?”

थोडक्यात असं आहे. माझ्याबद्दलचं सगळं उतरवलं तर सुई रेघेखाली जाते. ते तुझ्याकडे येतील, तुला ओळखतील, हाक मारतील. मला ओळखणार नाहीत.

अण्णांनी ते ऐकलं, काट्यावरून उतरले, खुर्चीवर हाताची घडी घालून बसले आणि म्हणाले, “मग नाही जायचं. विषय संपला.”

आणि भिंगरे, मला आनंद झाला. मरू देत इथेच, पण मला ओळखत मरू देत, असं वाटलं. हे मी दुसऱ्या कोणापाशी बोलणार नाही.

मी तुला काय करू असं विचारत नाहीये. नुसतं सांगतेय.

ताई


३० ऑक्टोबर

भिंगरे,

‘माझं सगळं उतरवा. ताईचं ठेवा.’ एवढंच लिहून पाठवलंस. खाली नावसुद्धा नाही. मी ते ठाण्यावर उभ्याउभ्या वाचलं आणि तोलघराचं दार लावून घेतलं. बाहेर ग्रंथालयाचा माणूस पुस्तकांची खोकी घेऊन ताटकळत होता. त्याला म्हटलं, काटा बिघडलाय.

पण वेडे, भागत नाही त्याने. तुझं सगळं काढलं तरी सुई रेघेच्या वरच राहते. आणि भागलं असतं तरी मी केलं नसतं. तू त्यांच्या डोक्यातून गेलीस तर ते जाणार कोणाकडे? एका अनोळखी बाईच्या मागच्या खोलीत? तिथे कठडा धरून विचारत बसतील, मला इथे का आणलंय. नाही. तुझ्यासाठी एवढ्या वर्षांनी हो म्हणालेत ते. तेवढं तुझं तुला मिळू दे.

दोन दिवसांपूर्वी ते जिन्यात बसले. ओठ निळे पडले होते. डॉक्टरीणबाई आल्या, प्राणवायूची नळी लावली आणि जाताना माझ्याकडे असं बघितलं, की काय ते ठरवा आता. ठाण्यावर आम्ही काठीने दोरावरचं बर्फ झोडून काढतोय. यंत्रशाळा म्हणते, अजून आठवडाभर, बस.

मग काल दुपारी मी त्यांच्यासमोर बसले. दाढी करून झाली होती. मी म्हटलं, “अण्णा, ऐका. जायचंय तुम्हाला.”

“विषय संपलाय.”

“संपलेला नाही. तुम्ही मला ओळखत इथे मेलात तर मी काय करू त्या ओळखीचं? जिवंत राहा आणि खुशाल विसरा. मला आठवतंय ना तुम्ही कोण ते. एकाला आठवलं तरी पुरतं.”

“तुला पुरेल?”

“नाही पुरणार,” मी म्हटलं. खोटं बोलायची ताकदच नव्हती. “पण मला तुम्हाला गुदमरताना बघायचं नाहीये. मी फार दमलेय, अण्णा. माझ्याच्याने ते बघवणार नाही.”

ते गालावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “एक अट आहे. कानातलं मेण काढायचं.”

मी म्हटलं, नियमात बसत नाही. म्हणाले, “नियम गेला खड्ड्यात. हे माझ्याकडून जाणार असेल तर कुठेतरी राहिलं पाहिजे. त्या चिटणिसाच्या डब्यात नाही. तुझ्याकडे.”

मंगळवारी सकाळी करायचं ठरलंय. तुझ्या नवऱ्याला सांग, रोपवेच्या दुपारच्या पाळण्याला खालच्या ठाण्यावर थांब. खुर्ची घेऊन ये म्हणावं, चालवू नका त्यांना.

ताई


४ नोव्हेंबर, संध्याकाळ

भिंगरे,

एव्हाना ते तुझ्याकडे पोचले असतील, जेवलेही असतील. हे पत्र उद्याच्या शेवटच्या पाळण्यातून दुधाच्या रिकाम्या कॅनांबरोबर येईल. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत काही येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हात दुखतोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

सकाळी तोलघरात आम्ही तिघंच होतो. चिटणिसांनी नोंदीसाठी विचारलं, हा विषय कशाखाली लिहू, मंत्र की यंत्र? मी म्हटलं, किरकोळ लिहा. असला माल सभा ठेवत नाही, नळकांडं पुसून परत वापरतात. चिटणिसांनी पेन कानाला लावलं, म्हणाले, मी बाहेर थांबतो. मी उगाच त्यांना इतकी वर्षं नावं ठेवत आले.

अण्णा काट्यावर उभे राहिले. मी मेण काढून बशीत ठेवलं. ते कर्ण्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघून बोलत होते.

म्हणाले, ही चहा करते आणि विसरते, मग गार झालेला पिते, पण मला सांगते की मला गारच आवडतो. ही खोटं बोलते तेव्हा फार गोड बोलते. हिला पतंगांची भीती वाटते, म्हणून त्या उजेडाच्या बरण्यांवर, कोणी केल्या कोण जाणे, जाळी मी बसवली. लोक समजतात काच टिकावी म्हणून. नऊ वर्षांची असताना ही यंत्रशाळेच्या टाकीत पडली आणि घरी येऊन म्हणाली, नुसते बूट भिजलेत. केसांतून पाणी गळत होतं. तेव्हा मी काही बोललो नाही, बूट शेकोटीपाशी ठेवले. भाजी चिरताना ही एकच ओळ गुणगुणते, दुसरी हिला येत नाही, आणि सूर दरवेळी त्याच जागी चुकतो. तो चुकला नाही तर मला करमत नाही.

एकेक सांगत गेले आणि एकेक जात गेलं. सुई उतरत होती. मी सुईकडे बघायचं सोडून दिलं होतं.

मग म्हणाले, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने हिला मागणी घातली होती. हिने मला सांगितलं की त्याचा विचार बदलला. विचार हिने बदलला होता. त्याला खाली जायचं होतं आणि ही मला सोडून जायला तयार नव्हती. मला सगळं माहीत होतं. मी एका शब्दाने बोललो नाही. बोललो असतो तर ही गेली असती, आणि मला ही जायला नको होती.

भिंगरे, मी उठून उभी राहिले. मी आयुष्यभर समजत होते, की ते मला एकटीलाच माहीत आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही गप्प बसलात?” ओरडलेच मी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी गोंधळून. “काय माहीत होतं?” म्हणाले.

गेलं होतं ते. भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं. मी परत स्टुलावर बसले. म्हटलं, काही नाही, तुम्ही सांगत राहा.

अजून बरंच सांगितलं. सगळं तुला लिहिणार नाही, ते माझं आहे. शेवटी शेवटी त्यांचा आवाज बारीक झाला. वाक्य सुरू करायचे आणि मधेच थांबायचे, की ही म्हणजे कोण? मी सांगायचे, तुमची थोरली. “हां, थोरली,” म्हणायचे आणि पुढे जायचे. मग एकदा मी ‘तुमची थोरली’ म्हटलं आणि ते म्हणाले, “मला एकच मुलगी आहे, बाई. तिच्याकडेच चाललोय मी.”

सुई रेघेखाली होती.

तेव्हा आता ऐक. नाडी तू बांधायचीस. दाढी तुझ्या नवऱ्याने करावी, हनुवटीखाली जपून, तिथे जुनी जखम आहे. त्यांना थोरली कोण ते समजावत बसू नकोस. त्यांना उगाच वाटेल की आपलं काही चुकतंय. फार विचारलं तर सांग, वर ओळखीची एक बाई आहे, ती बरी आहे. मुलांनी मावशीबद्दल काही विचारलं तर ते अण्णांसमोर नको.

आणि तू लिहिलं होतंस की ते आले की मागोमाग तूही ये, ताई, आता तुला वर कोण आहे. बरोबर आहे तुझं. कोणी नाही. इतकी वर्षं मला तेच हवं होतं, सगळं टाकावं आणि तुझ्याकडे येऊन महिनाभर नुसतं झोपावं. पण ते गेल्यावर मी काट्यावर उभी राहिले. सुई कुठे गेली ते सांगत नाही. उतरायचं तर आज सकाळी ऐकलेलं कर्ण्यात सांगावं लागेल, आणि ते सांगणं मला जमणार नाही. तो घड्याळवाल्याचा भागसुद्धा नाही. त्यांच्याकडून गेलं, आता एवढ्या एकाच ठिकाणी आहे ते. तेव्हा मी येत नाही. रागावू नकोस. मी तुझ्यावर रागावलेली नाही, खरंच नाही आता.

त्यांना पाळण्यात बसवायला मीच गेले. कानटोपी घातली, पट्टा लावला. पट्ट्याचा काटा बसेना, दोनदा सोडून परत लावला. ते निमूट बसून बघत होते. परक्या माणसाशी ते किती सौजन्याने वागतात, मला माहीतच नव्हतं.

म्हणाले, “बाई, तुम्ही फार थकलेल्या दिसता.”

मी म्हटलं, “हो. जरा.”

“घरी कोणी आहे का तुमच्या?”

“वडील आहेत.”

“मग काम आवरा आणि जा लवकर,” ते म्हणाले. “वाट बघत असतील.”

मी “हो” म्हटलं आणि ब्रेक सोडला.

ताई